बायको माहेरी असलेला मास्तर

३ मार्च १९७१, बुधवार

आज माझ्या मुलीचं बारसं झालं. देवळालीला. मी इथे शाळेत बसून मतदारयाद्या जुळवत होतो. नाव काय ठेवलं ते अजून कळलेलं नाही!

काल हेडमास्तरांपुढे उभा राहिलो होतो. आप्पासाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "बारशाला बापाचं काय काम हो? बायकांचा कार्यक्रम तो. निवडणूक उरकली की खुशाल जा." मी म्हणालो, हो सर. या तोंडाला दुसरा शब्द ठाऊकच नाही. जूनमध्ये नोकरीत कायम व्हायचंय, आणि गोपनीय शेरा लिहिणार तेच.

९ मार्च, मंगळवार

निवडणूक उरकली. रजेचा अर्ज घेऊन गेलो, तर उद्यापासून जनगणना! अर्ज परत खिशात.

"राष्ट्राचं काम आहे," आप्पासाहेब म्हणाले. राष्ट्राची झाडून सगळी कामं प्राथमिक शिक्षकांसाठीच राखून ठेवलेली दिसतात. पोरांना शिकवायचं तेवढं राहून जातं, पण ते काही राष्ट्राचं काम नसावं.

११ मार्च, होळी

सकाळी शाळा, दुपारी घरोघर. दर माणसाची एक चिठ्ठी. नाव, वय, लग्न, धर्म, कामधंदा.

गोजरबाईला वय विचारलं. म्हणाली, "तुमीच लिवा की मास्तर. तुमी शिकल्यालं." अंदाजे सांग म्हटलं, तर म्हणते, "दात व्हते तवा लई कमी हुतं." पासष्ट लिहिलं. मग तिनेच विचारलं, "मास्तर, तुमचं लेकरू कुनावानी हाय?" मी चिठ्ठीत डोकं घातलं. पाहिलंच नाही तर सांगू काय!

१४ मार्च, रविवार

छगन गुरुजींच्या सासूबाईंना बरं नाही. म्हणून त्यांचा गट माझ्याकडे. एकशे अठरा घरं जास्तीची. सासूला बरं नसलं की जावयाला सवलत मिळते, मुलगी झाली की बापाला मिळत नाही. बरं, या सासूबाईंना मी काल सोनईच्या बाजारात वांगी घेताना पाहिलं. चांगल्या भांडत होत्या वांगेवालीशी.

आप्पासाहेबांना धीर करून म्हणालो, सर, मला बायकोला आणायला जायचंय. त्यावर गडगडाटी हसले. "अहो, तुमची बायको माहेरी. तुम्ही मोकळे! घरी जाऊन करणार काय, भाकऱ्याच थापणार ना?"

म्हणजे बायको माहेरी आहे म्हणून मला जादा काम. आणि जादा काम आहे म्हणून बायको माहेरी. हे गणित चौथीच्या पोरांना घालून बघायला हवं. सुटलं तर मला सांगा म्हणावं.

मोहियोद्दीन मास्तर माझ्या शेजारच्या वर्गावर आहेत. बाहेर पडताना हळूच म्हणाले, "मास्तर, एकदा नाही म्हणून तर बघा. जीभ झडत नाही." त्यांचं बरं आहे. ते कायम आहेत.

१७ मार्च

एकतीस घरं. पायाला फोड. कालचंच पिठलं.

२० मार्च, शनिवार

मेहुणा आला, गोरक्ष. देवळालीहून थेट सायकलवर! पाणीसुद्धा न पिता निरोप सांगितला. "आबा म्हनले, पहिलं बाळतपन हाय. जावई न्यायला आल्याबिगर पोरगी धाडायची न्हाई. पाडव्याला चांगला दिस हाय. या म्हनले."

मुलीचं नाव आधी मी घाईत भलतंच ऐकलं. गोरक्षने परत सांगितलं, कुसुम. सतरा दिवसांनी कळलं. सुंदर नाव आहे. तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

"तुझी ताई काही म्हणाली का?" विचारलं. गोरक्ष सायकलच्या घंटीशी चाळा करत राहिला. "ती बोलंनाच झालीया. आधी रोज वाट बघायची. आता फाट्याकडं बघत बी न्हाई."

पाडव्याला येतो. येतोच! असं त्याला सांगितलं. मनकर्णा हट्टी आहे, पण मी समोर उभा राहिलो की हसेल. लग्नातही अशीच रुसली होती.

२६ मार्च, शुक्रवार

पिशवी भरली. झबलं, टोपडं, मनकर्णाला हिरवं लुगडं. आप्पासाहेबांना सांगितलं. "जा की! कोण अडवतंय?" इतकं सरळ म्हणाले की मी दारातून दोनदा मागे वळून पाहिलं.

२७ मार्च, पाडवा

गेलो नाही.

सकाळी पिशवी घेऊन फाट्याकडे निघालो होतो. वाटेत शाळेचा शिपाई आडवा. "सरांनी बोलवलंय. पाच मिनिटं." आप्पासाहेब नव्या धोतरात, समोर माझा गठ्ठा. "गटाची बेरीज चुकलीय मास्तर. दोन माणसं जास्त भरतायत."

दहाला बसलो, दोनला सापडली. दिवसातली एकुलती गाडी केव्हाच गेली होती. ती दोन माणसं कोण? माझ्याच घरातली! पहिल्या दिवशी उत्साहात तीन चिठ्ठ्या लिहिल्या होत्या मी. मी, मनकर्णा, आणि नावाच्या जागी नुसतंच 'मुलगी'. महिनाअखेरीच्या आत आणूच, असं धरून चाललो होतो.

"दहा ते एकतीस मार्च सबंध काळ जो बाहेर, तो घरात धरायचा नाही," आप्पासाहेब म्हणाले. "नियम तुम्हाला मी सांगायचा?"

"सर, आज गेलो असतो तर आज आणली असती. मग बेरीज बरोबरच होती."

"पण गेला नाहीत ना? मग खोडा."

खोडलं. स्वतःच्या हाताने, पट्टी लावून, दोन्ही चिठ्ठ्यांवर सरळ रेघ. कुटुंबातील एकूण माणसं — एक. आप्पासाहेबांनी बेरीज पाहिली, खूश झाले, आणि कडुलिंब-गुळाचा प्रसाद हातावर ठेवला. माझ्या वाट्याला गूळ आला नव्हता.

घरी येऊन रडलो. लिहायला लाज वाटते, पण रडलो.

३१ मार्च

आज बेघर माणसं मोजायची होती. मारुतीच्या देवळात दोन सापडली. मी धरून तीन.

५ एप्रिल, सोमवार

मोजणी संपली! शाळेत माझा सत्कार. नारळ आणि टोपी. आप्पासाहेब पोरांपुढे म्हणाले, "असा कामसू माणूस तालुक्यात नाही. या माणसाला घरदार आठवत नाही!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार.

टाळ्या संपल्यावर म्हणाले, आता चारी वर्गांच्या परीक्षेचे निकाल तुमच्याकडे. दोन आठवड्यांचं तर काम.

हो सर.

७ एप्रिल, बुधवार

सकाळी शाळेच्या पत्त्यावर कार्ड आलं. देवळालीहून. कोण सहादेव गुरुजी, ओळख ना पाळख. तिथले मोजणीदार. जसंच्या तसं उतरवतो —

"स. न. वि. वि. आपण व्यवसायबंधू, म्हणून लिहितो. फेरतपासणीस आपल्या सासुरवाडीस गेलो होतो. आपल्या सौभाग्यवतींस रीतसर विचारले, लग्न झालेले आहे काय? त्या म्हणाल्या, 'झालं हुतं.' पुढे बोलत नाहीत. वडील मान खाली घालून बसतात. विधवा लिहावे, तर आपण हयात असल्याचे समजते. विवाहित लिहितो म्हटले, तर त्या लिहू देत नाहीत. चिठ्ठी अडली आहे. तरी कोणता रकाना भरावा, ते उलट टपाली कळवावे."

टपालाने काही कळवत नाही. साडेदहाची गाडी आहे. अर्ज दिलेला नाही.

व्हरांड्यातून आप्पासाहेब हाका मारतायत. मारू देत.