बडबडीचा हात

रविवार, ३ तारीख

आले बाई एकदाची! ताईचं घर म्हणजे गॅरेजच्या वरची एक खोली, पण तिला दोन खिडक्या आहेत आणि त्यातली एक माझी, असं दाजींनी मी आत पाऊल टाकताच जाहीर करून टाकलं. माझी बॅग उचलताना म्हणाले, यात दगड भरून आणलेस की काय? मी नुसती हसले. ताई म्हणाली, हिच्याकडून उत्तर हवं असेल तर पुढच्या महिन्यात विचारा.

शाळा सुटली त्याला वर्ष झालं. सुटली म्हणजे मीच सोडली. बाईंनी उभं केलं की येत असलेलं उत्तरसुद्धा घशात अडकून बसायचं आणि वर्ग हसायचा. वहीत मात्र सगळं येतं. ताईचं बाळ फार लवकर झालं, अजून हॉस्पिटलात मशीनवर आहे. तिथेच ताईने माझ्यासाठी शब्द टाकला. उद्यापासून कामावर! तिथल्या आयांना मावशी म्हणतात, म्हणजे मी तर दोन्हीकडून मावशी.

मंगळवार, ५ तारीख

माझं काम पुसायचं. काचेच्या पेट्या, फरशी, दाराच्या मुठी. आधी कोपरापर्यंत हात धुवायचे. मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या राहून घासून घेतात, नखं तपासतात. मी काहीच बोलत नाही म्हणून दुपारपर्यंत त्यांनी माझं नाव बडबडी ठेवलं. इथे सगळ्यांनाच नावं आहेत. सगळ्यात किरकोळ पोरगा तो पैलवान. ताईची लेक झोपेतसुद्धा कपाळाला आठ्या घालते म्हणून ती मॅडम. माझ्या दोन ओंजळीत मावेल एवढीशी. तोंडात नळी, नळीला मशीन. मशीन हवा ढकलतं, छाती वर येते, खाली जाते.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, नळी घालायला जमतं गं, कधी काढायची ते ओळखणं अवघड. लवकर काढली तर पोर दमतं, परत घालावी लागते, घसा सोलवटतो. उशीर केला तर मशीनच्या माऱ्यानेच फुप्फुसं कडक होतात. म्हणून आधी ट्रायल. नळी तशीच ठेवायची, मशीनचं ढकलणं बंद करायचं आणि थोडा वेळ बघत बसायचं, पोर स्वतःहून घेतंय का. एवढी लहान पोरं श्वास घ्यायला विसरतात म्हणे. खरंच विसरतात! तळव्याला टिचकी मारली की आठवतं. मला हसूच आलं. मी पाढे विसरायचे, पण हे म्हणजे कमालच.

शुक्रवार, ८ तारीख

आज पैलवानाची ट्रायल होती. ट्रायलमध्ये पोरं हातपाय झाडतात आणि उगाच दमतात, म्हणून कुणीतरी डोक्यावर तळहात ठेवून शांत धरायचं असतं. आज दोन सिस्टर आल्या नव्हत्या. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, बडबडे, तू गप्प राहण्यात पटाईत, तूच धर.

पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला. डोकं लिंबाएवढं, गरम. मशीन गप्प झालं. डॉक्टर वाकून छातीकडे बघत होते. पैलवानाने जरा विचार केला. मग घेतला. मग परत घेतला. असा मस्त घ्यायला लागला की डॉक्टर म्हणाले, हा आपल्यालाच बाहेर काढेल. नळी काढली. त्याची आई माझा हात धरून रडली, मला कुठे बघावं कळेना.

घरी आले आणि आनंदात सगळा जिना पळत चढले. धाप लागली नाही. जरासुद्धा नाही. हवा मानवली म्हणायची.

गुरुवार, १४ तारीख

जुळ्या दोघी मशीनवरून सुटल्या. माझ्याच हाताखाली. डॉक्टर असलं काही मानत नाहीत, तरी ट्रायलच्या आधी हळूच विचारतात, बडबडी आलीय ना? इतर आया माझ्या हाताकडे बघतात. तोंडाकडे बघत नाहीत, ते एक बरं.

काल माझी सुट्टी होती आणि कालच मॅडमची ट्रायल झाली. जमलं नाही. हृदयाच्या ठोक्यांचा आकडा खाली आला, अंग राखेसारखं झालं, परत मशीन. ताई आल्यापासून रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि नळाकडे बघत होते. नळ गळत होता. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटेल थोड्या वेळाने, म्हटलं.

नाही वाटलं.

शनिवार, १६ तारीख

डबा खाताना म्हाताऱ्या मावशीने पाठीत धपाटा घातला. म्हणाली, अगं बाई, ओठ निळे पडलेत तुझे, केव्हाची घास धरून बसलीयस, ना गिळत ना श्वास घेत, जीव द्यायचाय का इथे? सगळ्या हसल्या.

मी विसरले होते.

तेव्हापासून लक्ष ठेवून घ्यावा लागतो. घे. सोड. घे. सोड. पुसायला लागले की राहून जातो. राहिला तर काही होत नाही, तेच वाईट आहे. घुसमटत नाही. छातीत मोकळी खोली असावी तसं वाटतं, सामान नेल्यावरची.

रात्री झोपेत मी घेते की नाही, ते ताईला विचारलं नाही.

सोमवार, १८ तारीख

खिडकीजवळच्या पोराची ट्रायल. तो छान घेत होता. मग माझ्या ध्यानात आलं, माझा श्वास बंद आहे. मी मुद्दाम एक मोठा घेतला.

त्याची छाती थांबली.

परत घेतला. आकडे दाखवणारं यंत्र कोकलायला लागलं. डॉक्टरांचा हात मशीनकडे गेला. मी माझा श्वास थांबवला. पोर लगेच घ्यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, बघा, सावरला पठ्ठ्या.

त्याचीही नळी काढली. आम्हा दोघांत एकच होता. तो त्याने नेला. प्रत्येक पोर थोडा नेतं आणि परत करत नाही.

पैलवान आज घरी गेला, इतक्या लवकर कुणी जात नाही म्हणे. गाल गुलाबी झालेत. त्याच्या आईने त्याला माझ्याकडे दिलं, मी धरलं, परत दिलं. माझ्या बोटांना तो लागलाच नाही.

मंगळवार, १९ तारीख

अख्खा दिवस ते वाक्य घशापर्यंत आणत होते. शेवटी मोठ्या सिस्टरना म्हटलं, पोरं माझा श्वास घेतात.

त्या म्हणाल्या, घेऊ दे की, तुला कुठे बोलायला लागतो. मग माझ्याकडे नीट बघितलं, कपाळाला हात लावला. गार लागली असणार. दोन दिवस घरी राहा म्हणाल्या, जेवत जा, वाळकी कुठली.

परत सांगायला हवं होतं. बोलायला आधी आत घ्यावा लागतो. तेवढा आला नाही.

गुरुवार, २१ तारीख

मॅडमची दुसरी ट्रायल. मी गेले नाही. तिला परत जमलं नाही.

फुप्फुसं कडक व्हायला लागलीत. डॉक्टर दाजींना म्हणाले, उद्या शेवटचं बघू, नाहीतर गळ्याला छिद्र पाडून — पुढचं ते बोलले नाहीत. घरी आल्यावर दाजी जिन्यातच बसून राहिले. वर आलेच नाहीत.

ताईने माझे पाय धरले. मोठी बहीण आहे ती माझी. म्हणाली, सगळ्यांच्या पोरांना हात लावलास, माझीच काय चूक? मी तोंड उघडलं. ताई वाट बघत होती. उत्तर पुढच्या महिन्यात.

मग मान हलवली. हो म्हणून.

बाथरूममध्ये श्वास बंद करून बघितला. ट्रायल काही फार वेळ नसते. तेवढं निघतं. तेवढं झालं की हात बाहेर. मग परत कुणाला हात लावणार नाही. घरी निघून जाईन. भीती वाटत नाही. कशाचंच काही वाटत नाही.

शुक्रवार, २२ तारीख

वॉर्डात आहे. स्टुलावर. डावा हात आत, मॅडमच्या डोक्यावर. वही मांडीवर. डॉक्टरांनी वहीकडे बघितलं, मोठ्या सिस्टर म्हणाल्या, लिहू दे, तेवढीच बोलते ती.

ताई काचेपाशी. दाजी तिच्यामागे.

आता मशीन थांबवतायत —

थांबवलं.

मी पण.

नाही घेत. मॅडम, घे ना — आठ्या — घेतला. घेतला! परत घेतला.

ताई तोंडावर हात धरून उभी.

छान घेतेय. आकडा वर आहे. रंग येतोय, आधी ओठ, मग कान. माझं अक्षर तिरकं — कड दिसत नाही पानाची —

वेळ होत आली. आता म्हणतील झालं. म्हणाले की हात —

डॉक्टर म्हणतायत, वा. अशी घेताना पहिल्यांदा बघतोय. म्हणतायत, घाई नको, पूर्ण खात्री करू. अजून थोडा वेळ चालू दे.

अजून —

मोठ्या सिस्टर हसतायत. दाजी हसतायत. सगळे तिच्या छातीकडे. माझ्याकडे कुणी बघत नाही. शाळेत रोज हेच मागायचे मी —

हात निघत नाही. मी काढत नाही की तो — कळत नाही —

मी एक श्वास घेतला तर ती थांबेल. तिसऱ्यांदा. ताई इथेच उभी आहे —

डॉक्टर म्हणतायत, अजून जरा —

ताई, एकदा इकडे ब