पाठकोऱ्या फॉर्मवर

आई, हा कागद पाठकोरा आहे. पुढच्या बाजूला आमच्या कॉलेजचा फॉर्म आहे, मीच भरलेला, खाली माझीच सही. बाबांनी मंत्रालयातून आणलेले पाठकोरे कागद तू चिमट्याला लावून ठेवायचीस आणि आम्ही त्यांवर गणितं सोडवायचो, तेव्हा तुला यात वावगं वाटणार नाही. इकडे दिल्लीजवळ, मानेसरच्या अलीकडे एक लहानसं खाजगी कॉलेज आहे. तिथे मी शिकवते आणि पर्यावरण समितीही माझ्याकडेच आहे. कोऱ्या कागदावर कच्चं काम केलेलं मला चालत नाही, आणि वर्गातला पंखा चालू राहिला तर मी पोरांना पुन्हा जिना चढून तो बंद करायला लावते. पोरं मला घाबरतात.

सोमवारी तपासणीची माणसं येणार आहेत. फॉर्ममध्ये एक रकाना आहे: पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनमधून जे पाणी वाया जातं, त्याचं तुम्ही काय करता? त्यासाठी आम्ही बागेपर्यंत पाइप टाकला आहे, हिरवा रंग दिलेला, वर पाटी. पण उतार उलटा झाला, पाणी बागेकडे चढतच नाही. दोन वर्षं आमची सफाईवाली ते पाणी बादल्यांत धरते, त्यानेच फरशी पुसते आणि उरलेलं झाडांना नेऊन घालते. तिला हे कोणी सांगितलेलं नाही, समितीने तर नाहीच. परवा मी तिला म्हटलं, "सोमवार को ये बाल्टियाँ दिखनी नहीं चाहिए." ती म्हणाली, "छुपा दूँगी मैडम जी. पर पौधे मंगल को भी पानी माँगेंगे."

मी प्राचार्यांकडे गेले. म्हटलं, बादल्या लिहिते, खरं तेच आहे. ते हसले. "मैडम, बाल्टी लिखेंगी तो गाँव की पाठशाला लगेगी. पाइप लगा तो है, पाइप लिखिए. सीटें खाली रहीं तो हम दोनों घर बैठेंगे." मी पाइप लिहिलं आणि सही केली. चाळीस वर्षांत खोट्याखाली केलेली ही पहिलीच सही असावी. इतकी सहज झाली की मलाच कळेना.

आणि तेव्हापासून आपल्या सरकारी क्वार्टरमधलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे, मैत्रीण पहिल्यांदाच घरी येणार आहे. ओट्याखाली तुझ्या तीन बादल्या: तांदूळ धुतलेलं पाणी, भांडी विसळलेलं पाणी आणि तिसरीत कशाचं ते मला कधीच कळलं नाही. मी त्या ओढत न्हाणीघरात नेते, वर पाट झाकते. तू दारात उभी. "पाहुण्यांपासून पाणी लपवतेस? मग चहा कशाचा करणार आहेस तिला?" मैत्रिणीला चहा तूच करून दिलास. ती गेल्यावर मात्र तिन्ही बादल्या मला एकटीला जिना उतरवून डालड्याच्या डब्यातल्या कढीपत्त्यापर्यंत न्यायला लावल्यास. वर्गातल्या पोरींना मी हीच गोष्ट सांगते. सांगते की माझी आई पर्यावरण जगत होती.

पण ते खरं आहे का गं? कारण पुढे आपण फ्लॅटमध्ये गेलो, तिथे नळाला चोवीस तास पाणी. एका दुपारी मी आले तर तू सिंकपाशी उभी, नळ पूर्ण सोडलेला, आणि तू नुसता हात धरला होतास धारेखाली. भांडं नाही, काही नाही. मी म्हटलं, "आई, हे काय?" तू म्हणालीस, "काही नाही. येतंय ना, बघतेय." मी पुढे होऊन नळ बंद केला. तू पदराला हात पुसलास आणि बाहेर जाऊन बसलीस. मला शाबासकी हवी होती बहुतेक. मग त्या बादल्या काय होत्या? क्वार्टरमध्ये पाणी तासभरच यायचं म्हणून? तुला त्यांचा कंटाळा होता का? आणि आमच्या सफाईवालीला आहे का? तिला मी विचारलेलं नाही. तुलाही नव्हतं विचारलं.

स्टाफरूम रिकामी झाली आहे. शिपाई दोनदा डोकावून गेला, "मैडम, वो फॉर्म?" म्हटलं, देते. आता उलटून पाहिलं तर शाई पलीकडे उमटली आहे, पाइपच्या रकान्यावर तुझी बादली उलटी दिसते आहे. हा फॉर्म आता देता येणार नाही. दुसरा मागून घ्यावा लागेल, तो रकाना पुन्हा भरावा लागेल. टेबलावर कोऱ्या पाठीचे कागद ढीगभर होते. मी नेमका हाच का उचलला, ते मला सांगता येत नाही.