गाळलेली सदतीस

२ मार्च

एका वंशवृक्षाची खरी किंमत: अकरा आठवडे, सहाशे बारा प्रथिनं, संगणकाचा एक जळका पंखा आणि इथे संशोधन करणाऱ्या मास्तरीणबाईंच्या नाताळ-संक्रांतीच्या सुट्ट्या. ही प्रथिनं म्हणजे पेशीत पोटॅशियमला ये-जा करू देणारी दारं, त्यांची ही वंशावळ – कोण सख्खं, कोण चुलत. निघालं काय? प्रयोगशाळेचे मोठे सर ज्याला प्राण्यांतला मूळपुरुष म्हणतात ते स्पंजाचं दार, झाड शंभरदा नव्याने काढलं तर एकेचाळीस वेळाच प्राण्यांच्या बुंध्याशी बसतं. उरलेल्या वेळी जिवाणूंच्या घोळक्यात!

४ मार्च

सरांनी बाईंना आत बोलावलं. मध्ये फळीची भिंत, आणि माझे कान तिखट. जिवाणूंची सदतीस प्रथिनं गाळा म्हणाले, लांबचे नातलग नुसता गोंधळ घालतात. बाई शाळेची नोकरी सोडून डॉक्टरेटला आलेल्या. शोधनिबंध शुक्रवारी गेला नाही तर डॉक्टरेटची मुदत संपली, नाव कटलं.

५ मार्च

गाळली. एकेचाळीसाचे शहाण्णव झाले! किळस आली. नडणारे भाऊबंद वहीतून खोडले की आपण आपोआप थोरल्या पातीचे.

सर माझी पाठ थोपटून गेले – स्पंज तुम्हीच हुडकलात. खरंय. बाटल्या विसळण्यापासून संगणक-विभागापर्यंत आलो तो नजरेच्या जोरावर. मी यादीत घातलेल्या प्रथिनात आजवर खोट निघालेली नाही. खोट आहे ती सरांच्या हातात.

बाईंनी विचारलं, "तुम्हाला चालतं हे, भाऊ?" म्हटलं, मी यंत्र चालवतो. तेव्हापासून तोंड कडू आहे.

६ मार्च

सरांनी चहाला बोलावलं. गेलो नाही. एवढाच माझा पराक्रम.

७ मार्च

बाईंनी सदतीसही परत घातली. सरांना सांगितलं, गाळलेल्या झाडावर माझं नाव नको. सर म्हणाले, "मग जा परत फळा पुसायला."

"फळा पुसला की निदान मुलांना दिसतं तरी काय पुसलं ते, सर."

मग माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊ, स्पंज पुन्हापुन्हा जिवाणूंतच का जाऊन बसतो? एकदा त्याच्या जनुकाचे शेजारी बघू या."

८ मार्च

त्या दाराच्या जनुकाच्या डावीकडचं जनुक जिवाणूचं. उजवीकडचंही. ते दार स्पंजाचं नव्हेच – त्याने गिळलेल्या, नमुन्यात मिसळून आलेल्या जिवाणूचं आहे. यादीत ते मी घातलं होतं.