अळणी श्रावण

नांदेड, २० जुलै २०२५

चि. सौ. इरास अ. आ.

गोळ्यांच्या मूळ डबीवरचं लेबल निघत नव्हतं, ते नखानं खरवडून आता लिहायला बसले आहे. कॅल्शियमच्या डबीत लिथियमच्या साठ गोळ्या भरल्या. सासूबाईंसमोर फोनवर बोलता येत नाही, म्हणून डबी आणि पत्र दोन्ही तुझ्या शाळेच्या पत्त्यावर. गोळी एक दिवसही चुकवू नकोस. तीन-तीन दिवस न झोपता बोलत राहिलेली आणि मग दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडलेली इरा मी पाहिली आहे. निलंग्यात ती कुणाला दिसायला नको. तुझ्या वर्गातल्या वांडांना माझ्यातर्फे दोन धपाटे.

आठवण ठेव, जीव आहेच.
तुझी देविकाअक्का

निलंगा, २६ जुलै

ती. अक्कास शि. सा. न.

डबी पोचली. या घरच्या नव्या सुनेनं पहिला श्रावण अळणी काढायचा असतो. महिनाभर जिभेला मीठ नाही. सासूबाई स्वतः माझ्यासोबत अळणी खातात, त्यामुळे नाही म्हणता येईना. माझं बीपी कमी असतं असं सांगून पाहिलं. त्यांनी शेजारच्या नर्सबाईंना बोलावून मोजायला लावलं. अगदी बरोबर निघालं. नांदेडच्या पोरी लई नाजूक, म्हणाल्या. आपल्या डॉक्टरीणबाई मिठाबद्दल काही बोलल्या होत्या का? विचारून कळव. वीरेशना सगळं सांगून टाकावं असं रोज वाटतं.

माया असू दे.
इरा

नांदेड, २ ऑगस्ट

चि. सौ. इरास अ. आ.

त्या काहीतरी बोलल्या होत्या खऱ्या, पण फाईल बाबांनी लग्नाआधी बंबात घातली. डॉक्टरीणबाई फोनवर सांगत नाहीत, समक्ष या म्हणतात. त्यांच्या दवाखान्याच्या जिन्यापर्यंत गेले. समोरच्या दुकानात वीरेशरावांची मावशी साड्या पाहत बसलेली. परत आले. महिन्याचा तर प्रश्न आहे, सासूबाईंची मर्जी मोडू नकोस. गोळी मात्र चालू ठेव. वीरेशरावांना सांगू नकोस. पुरुषमाणूस ऐकून घेतो आणि आईला सांगतो.

रागावू नकोस, लोभ राहू दे.
देविकाअक्का

निलंगा, ११ ऑगस्ट

ती. अक्कास न.

हात कापतो. फळ्यावरच्या ओळी खाली घसरतात, पोरं हसतात. हे अक्षर लागतंय का? पाणी पोटात ठरत नाही. उलट्या पाहून सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटायचेच बाकी ठेवले आहेत. इतक्या मायेनं पाठीवरून हात फिरवतात की तसं काही नाही हे सांगवत नाही. गोळी चुकवलेली नाही. अक्का, तू ये.

इरा

लातूर, १८ ऑगस्ट

सौ. देविकाताईंना वीरेशचा नमस्कार.

इरा बुधवारी वर्गात कोसळली. लातूरला आणलं. कोणती औषधं घेते असं डॉक्टरांनी विचारलं, आम्ही कॅल्शियम म्हणालो. दोन दिवस तसेच गेले. शाळेतल्या तिच्या खणात तुमची पत्रं सापडली तेव्हा औषधाचं नाव कळलं. मीठ तोडलं की ते अंगात साठत जातं, असं डॉक्टर म्हणाले. मग डायलिसिस केलं. आई व्हरांड्यात बसून आहे. तुमचे फोन मी मुद्दाम घेतले नाहीत. आधी सांगितलं असतं तर मी हे लग्न केलं असतं का, याचं उत्तर मला देता येत नाही. म्हणून तुम्हाला काही बोलताही येत नाही.

कळावे.
वीरेश

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज, १९ तारखेला सकाळी, इराला खाटेवरून उतरवून उभं केलं. दोन पावलं टाकली आणि ती पडली. औषध अंगातून उतरलं, पण तोल परत येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले.