‘बसू नका’ लिहिलेली खुर्ची

ती. दाजी,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (डाव्या अंगठ्याला पट्टी आहे, ती नमस्कारात धरू नये.) तुमचा गुडघा कसा आहे? ताई फोनवर म्हणाली, जिना चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही. तसं असेल तर देवाने तुम्हाला निदान अर्धी सवलत दिली आहे, ती मोठी मानावी. औषध वेळेवर घ्या, ताईचं ऐका, आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तिला करायला लावू नका, तो तुमच्यासाठी आहे. इकडे आम्ही खुशाल. घरचीला नवी जागा मानवली. मला झोप लागते, भूक लागते आणि मन स्वच्छ आहे. यातलं शेवटचं परवापासून. त्याआधी अकरा दिवस ते स्वच्छ नव्हतं, आणि हे पत्र त्याचंच आहे. घाबरू नका. सगळं निस्तरलं आहे आणि मीच निस्तरलं आहे, म्हणून तर एवढ्या ठामपणे लिहितो आहे.

त्या मंगळवारी सकाळी साडेसहाला मी कामावर पोचलो, हत्यारांच्या पेटीवर हात ठेवून नेहमीसारखे डोळे मिटले, आणि उघडल्यावर पहिलं काम शोधायला लागलो. तुमची शिकवण मी सोडलेली नाही. सकाळचं पहिलं काम देवाचं; ते कोणी सांगितलेलं नसावं, आणि केल्यावर कोणाला सांगू नये. तुमच्या दुकानात अकरा वर्षं मी रोज सकाळी दाराआड ठेवलेली एक मोडकी खुर्ची मुकाट्याने दुरुस्त करत आलो. ती कोणाची, कुठून आली, का मोडली, हे कधी विचारलं नाही, कारण विचारलं की पुण्य कमी होतं असं तुम्ही म्हणाला होता. इथेही तेच. एकदा संडासाची कडी बसवली, एकदा पहारेकऱ्याच्या स्टुलाचा पाय. एका अक्षराने कुठे बोललो नाही. (आता तुम्हाला सांगितलं, पण तुम्ही घरचे.)

तुम्ही गावभर सांगितलंत की मेहुणा टीव्हीत गेला. गेलो हे खरं, पण टीव्हीच्या मागच्या बाजूने. आमच्या कार्यक्रमाचं नाव ‘कशी जिरली’. त्यात मोठमोठ्या नामवंतांना काहीतरी थाप मारून बोलावतात, सत्कार आहे, उद्घाटन आहे, मुलाखत आहे, आणि तिथे त्यांची फजिती करतात. दार उघडावं तर मागे भिंत. नळ सोडावा तर पाणी छतातून. घड्याळात, कुंडीत, आरशामागे कॅमेरे लपवलेले असतात. शेवटी सगळे भिंतीमागून बाहेर येऊन ‘कशी जिरली!’ म्हणून ओरडतात, आणि तो नामवंत आधी रागावून मग हसतो. (जो हसत नाही त्याचा भाग दाखवत नाहीत. त्यामुळे घरी बसून बघणाऱ्याला वाटतं, मोठी माणसं फार खेळकर असतात.) माझं काम खोट्या खोल्या उभ्या करण्याचं. खोल्या खोट्या, पण सांधे खरे. माझी खोटी भिंत पाडायला परवा सहा माणसं लागली आणि त्यातल्या दोघांनी मला नावं ठेवली. मला तो सन्मान वाटला.

माझ्या उलट काम एका बाईंचं. त्यांना सगळे मोडताई म्हणतात. वस्तू बरोबर वेळी, बरोबर जागी आणि कोणालाही इजा न होता मोडेल अशी करून ठेवणं, ही त्यांची विद्या. आठ वर्षांत त्यांची एकही वस्तू मोडायची राहिली नव्हती. मी लागून तीनच आठवडे झाले होते. त्या कुलूप लावलेल्या खोलीत काम करायच्या, त्यामुळे काय करतात हे मी पाहिलं नव्हतं. ऐकून होतो की बाई मोडतात. मला वाटलं, स्वभावाबद्दल बोलत असतील.

तर त्या मंगळवारी, खोट्या सत्कार-समितीच्या खोट्या कचेरीत, टेबलासमोर एक खुर्ची होती. सुंदर खुर्ची. आणि तिच्यावर चिकटवलेला कागद: ‘बसू नका’. दाजी, तुम्ही सुतार आहात, तुम्हीच सांगा. खुर्चीवर ‘बसू नका’ लिहिलेलं असणं म्हणजे विहिरीवर ‘तहान लागली तर दुसरीकडे जा’ लिहिण्यासारखं. मला त्या लाकडाची कीव आली. उलटी करून पाहिली तर मागचे दोन्ही पाय आतून चारातले तीन भाग कापलेले आणि फटीत मेण भरलेलं. मला वाटलं, कोण्या कामचुकाराने तडा झाकून ठेवला. मेण खरवडलं, सरस भरला, आडव्या खुंट्या ठोकल्या, आतून पट्टी दिली, शिकंज्यात आवळून ठेवली. अंगठ्याला लागलं ते तेव्हाच. दहा वाजता, बाकीची माणसं यायच्या आधी, शिकंजा काढला, रंगाचं बोट फिरवलं, आणि कागद घडी करून खिशात ठेवला, कारण आता त्याची गरज नव्हती. मग देवाचे आभार मानून एक दार घासायला बसलो.

दुपारी बाराला तो आला. मारामारीच्या चित्रपटातला हिरो, चौथ्या मजल्यावरून पडून शर्ट न मळू देणारा. मी भिंतीमागे फटीजवळ होतो. माझ्या लक्षात आलं की गृहस्थ पुढून सडपातळ आणि मागून भरलेला आहे. पँटच्या आत उशी होती! म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. (बहुतेकांना ठाऊक असतं, हे मला नंतर कळलं. त्यांना आधी सांगतात आणि मग चकित करतात.) तो खुर्चीजवळ आला, चेहऱ्यावर पडणाऱ्या माणसाचा भाव तयार ठेवला, डोळे किलकिले केले आणि बसला. काही झालं नाही. खोटे अध्यक्ष म्हणाले, “आपल्या कारकिर्दीविषयी सांगा.” त्याने सांगितलं आणि सांगता सांगता मागे रेलला. काही नाही. डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, पायावर पाय टाकला. अध्यक्षांनी तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. त्याने रुमाल पाडला, उचलायला उठला आणि धाडकन बसला. मी आत मनातल्या मनात म्हटलं, शाब्बास. (खुर्चीला.) शेवटी तो दोन्ही हात टेबलावर टेकून, लहान मूल गादीवर करतं तसा, तीनदा उडाला, आणि मग सरळ भिंतीवरच्या घड्याळाकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, बघून ओरडला, “अहो, मोडत का नाही ही? माझी दुसरीकडे वेळ दिलेली आहे!”

झालं. भिंतीमागे आम्ही वीस माणसं ‘कशी जिरली’ म्हणायला तोंड उघडून उभी होतो, ती तशीच राहिली. कोणाची जिरली ते कळेना. जाताना त्या हिरोने ती खुर्ची मागून गाडीत घालून नेली. म्हणाला, माझ्या घरी एवढी धड एकही नाही. त्यामुळे खुर्ची उलटी करून पाय बघायची सोय उरली नाही. आमच्या दिग्दर्शकांनी (त्यांना सगळे साहेब म्हणतात) मोडताईंना सगळ्यांसमोर विचारलं, कापली होती ना? त्या म्हणाल्या, कापली होती. मग मोडली का नाही? दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं. कुलपाच्या खोलीची किल्ली माझ्याच समोर खुंटीला लावून त्या गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, तू का बोलला नाहीस? दाजी, माझ्याकडे उत्तर तयार होतं आणि ते तुमचंच होतं. पहिलं काम कोणाला सांगायचं नाही! अकरा दिवस मी हे वाक्य पांघरून फिरलो. सकाळी पेटीवर हात ठेवून डोळे मिटले की ते म्हणायचो, आणि देव ऐकून घ्यायचा. त्याची पद्धत तुमच्यासारखीच आहे, मध्ये बोलत नाही, पण आपल्याला कळतं की पटलेलं नाही. कागद खिशातच होता. शर्ट बदलला की कागद नव्या शर्टात घालायचो. टाकून का देत नाही, हे मला सांगता येत नव्हतं. घरचीने धुवायच्या शर्टातून एकदा तो काढला, वाचला आणि दिवसभर बसली नाही. मला वाटलं रागावली आहे.

बाराव्या दिवशी मोडताई आपली करवत न्यायला आल्या. मी खाली मान घालून रंधा मारत होतो, तेही रंधलेल्याच फळीवर. त्या समोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “सुतारभाऊ, एक विचारू? तुम्ही हात जाणता. घरी मी चार स्टुलं कापून बघितली. चारही वेळा पडले. तरी विश्वास बसेना. त्या खुर्चीत माझं काय चुकलं असेल?” असं म्हणून त्यांनी आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

नोकरी गेली असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर कदाचित मी आणखी चार दिवस तुमच्या वाक्याखाली काढले असते. पण कारागिराचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडणं म्हणजे काय, ते मला कळतं. मी माझ्या पुण्याच्या हिशेबात एका माणसाचा हात निकामी केला होता. मी रंधा खाली ठेवला. म्हटलं, ताई, करवत ठेवा आणि माझ्याबरोबर चला.

साहेबांच्या खोलीत सकाळची बैठक चालली होती. मी तो कागद टेबलावर उलगडून ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं: मेण, सरस, खुंट्या, पट्टी. खोलीत असं शांत झालं की मला वाटलं, आणखी चार वाक्यं बोलावीत; म्हणून तुमची शिकवण आणि दाराआडची खुर्चीही सांगितली. साहेब म्हणाले, “कागदावर ‘बसू नका’ लिहिलं होतं ना?” म्हटलं, हो, म्हणूनच तर. ते म्हणाले, “तुम्हाला वाचता येतं ना?” म्हटलं, सातवीपर्यंत पहिला होतो. त्यांनी डोकं धरलं. पण खरा प्रसाद मोडताईंकडून मिळाला. मला वाटलं होतं, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. त्या ताडकन उठल्या. “माझ्या कापाला हात लावलात? तीन भाग कापलेला पाय जोडलात? कशाने?” सरस कुठला ते सांगितलं. “आणि खुंट्या?” आडव्या, म्हटलं. “किती?” चार. त्यांनी बोटांवर चार मोजले. मग आपल्या हाताकडे बघून हसायला लागल्या, आणि हसता हसता म्हणाल्या, “देवमाणूस आहात हो. आता मुकाट्याने देव्हाऱ्यात बसत जा आणि दहाच्या आत कशाला शिवू नका.”

त्या त्याच दिवशी कामावर आल्या. मलाही ठेवलं आहे. पहिलं काम मी अजून करतो, फक्त आता करण्याआधी विचारतो आणि केल्यावर सांगतो. पुण्य कमी होत असेल तर होवो. तुमचा नियम मी मोडला, दाजी, आणि तो मोडल्याचं तुम्हाला स्वतः कळवावं म्हणून हे पत्र. मोठ्या मनाने माफ कराल ही खात्री आहे. ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. ताईला सांगताना मी अकरा दिवस गप्प होतो असं सांगू नका. दोन सांगा. तिला माझ्याबद्दल अभिमान आहे.

आणखी एक ता. क. मोडताईंनी परत यायला एक अट घातली आहे. माझ्या हातच्या खुर्च्या कापायला त्यांना अर्धा दिवस लागतो, करवतीचे दात जातात, तर मुळातच नाजूक अशा सहा खुर्च्या मी मिळवून द्याव्यात. मी पुष्कळ विचार केला. मग त्यांनी सहज विचारलं, तुमच्या दाजींच्या दुकानात रोज दाराआड कुठली खुर्ची असायची हो? आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा नीट आठवून पाहिलं. त्या सगळ्या तुमच्याच होत्या. तुम्ही केलेल्या, विकलेल्या आणि परत आलेल्या. तुमच्याकडे येणारी माणसं चहा उभ्याने का पितात, याचाही मला त्याच क्षणी उलगडा झाला. मी आजवर समजत होतो, गावाला घाई असते. दाजी, राग मानू नका. तुमच्या बाहेरच्या खोलीतल्या सात खुर्च्यांपैकी सहा मला द्याव्यात, ही हात जोडून विनंती. कापायची गरज पडणार नाही, हे मी त्यांना तुमच्या वतीने ठामपणे सांगितलं आहे. मोठमोठे नामवंत तुमच्या हातच्या कामावर बसतील. तेवढा वेळ तरी.

शेवटचं. नकाराचा विचार करत बसू नये म्हणून मी टेम्पो आज सकाळीच रवाना केला, आणि हे पत्र टेम्पोवाल्याच्याच हाती दिलं. म्हणजे तुम्ही हे वाचत असाल तेव्हा तो दारात उभा असेल. तो कागद सोबत पाठवतो आहे, सातव्या खुर्चीला लावा. टेम्पोवाल्याला बसण्याचा आग्रह करू नका. त्याला मी सांगून ठेवलं आहे.