निवृत्ती मागे राहिला

२० एप्रिल
बुलढाण्याहून निघालेली एसटी अकराला दुसरबीडला पोचली. फाट्यावर मोतीरामनाना स्वतः उभे होते. वय शहात्तर, पण पाठ ताठ. बॅग मला उचलू दिली नाही. गावाबाहेर शेतातच त्यांचं पत्र्याचं घर आहे, पुढे चांगलं ऐसपैस मातीचं अंगण. नाना आणि त्यांच्या पत्नी गोजरबाई, दोघंच राहतात. गोजरबाईंनी मला आग्रहाने तीन भाकरी वाढल्या.
नऊ वर्षं मी कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतेय. दर जूनमध्ये नव्याने मुलाखत, तीच माणसं, तेच प्रश्न. आता निदान पुस्तकावर तरी माझं नाव येईल. विषय आहे घोरपड तुकडीचा इतिहास. ही माणसं शत्रूच्या मुलखात शंभर शंभर किलोमीटर आत पायी जायची, सगळं बघून ठेवायची आणि एकही गोळी न झाडता परत यायची. एकाहत्तरला वाळवंटात सहा जण गेले, पाच परतले. त्यातले दोघेच आज हयात आहेत: नाना आणि तेव्हाचे त्यांचे कॅप्टन, आता पुण्याचे कर्नलसाहेब. काम त्यांनीच दिलं. पुस्तक नीट झालं तर एका संस्थेत कायम नोकरीसाठी शब्द टाकणार आहेत.
खूप दिवसांनी बरं वाटतंय.

२३ एप्रिल
नाना भरभरून बोलतात. ओळीत सगळ्यात मागे ते असायचे. झुडपाची फांदी घेऊन सहाही जणांच्या पावलांच्या खुणा पुसत चालायचं, हे त्यांचं काम. "आमी गेलो हे वाळूलेबी कळू द्याचं नाही," म्हणाले.
आजही दुपारी जेवण झालं की ते कडूनिंबाची डहाळी घेऊन अंगण पुसतात. फौजेची सवय अजून सुटली नाही वाटतं, असं मी हसून म्हणाले. गोजरबाई हसल्या नाहीत. भांडी घेऊन आत गेल्या.

२६ एप्रिल
आज नानांना डुलकी लागली होती. ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. खिडकीतून पाहिलं तर मातीत खुणा होत्या. बुटाचं एक पाऊल, शेजारी काहीतरी फरफटत नेल्याची रेघ, पुन्हा पाऊल, पुन्हा रेघ. विहिरीकडून निघून घराच्या दिशेने आलेल्या, आणि अंगणाच्या मधोमध संपलेल्या. परत गेल्याची खूण नव्हती.
नाना धडपडत उठले आणि मी नीट बघायच्या आत सगळं पुसून टाकलं. कुत्रं असंल, म्हणाले. कुत्रं बूट घालत नाही.

२८ एप्रिल
नानांनी आज सांगितलं. मी टेप बंद केल्यावर.
सहावा जण निवृत्ती, नांदुऱ्याकडचा. परतताना त्याचा पाय सुरुंगात गेला. तो मेला नाही. शुद्धीवर होता, पाणी मागत होता. कॅप्टननी त्याला एका कोरड्या विहिरीपाशी बसवलं. दोन दिवसांत गाडी घेऊन येतो, म्हणाले. कुणी जाणार नाही हे बाकी पाचही जणांना माहीत होतं. निवृत्ती मागे सरपटत येईल आणि त्याच्या मागावर शत्रू येईल, म्हणून कॅप्टननी नानांना खुणा नीट पुसायला सांगितल्या.
"तो मले हाक मारून राह्यला होता. मोतीराम, जराशी खूण ठेव बे. अन् मी पुसत गेलो."
मग म्हणाले, लई वर्षं लागली त्याले, पण रस्ता सापडला.

३० एप्रिल
कर्नलसाहेबांना फोन केला. ते चिडले नाहीत, हेच जास्त लागलं. म्हणाले, मॅडम, त्याची बायको रुखमाबाई नांदुऱ्यात आहे. पन्नास वर्षं वीरपत्नी म्हणून मानाने जगली. तिला काय सांगणार? तुमच्या नवऱ्याला आम्ही टाकून आलो? शेवटी हळूच संस्थेच्या मुलाखतीची तारीख सांगितली.
मी लिहिलं: 'निवृत्ती यांना जागीच वीरमरण आले.' पाच शब्द. जड गेले नाहीत.

२ मे
नानांना ऊन लागलं. अंगणातच पडले, डहाळी हातात. गाडी बोलावून दवाखान्यात नेलं, पण वाटेतच गेले. गोजरबाई रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "पोरी, तू खरं लिवलं का?"
मी हो म्हणाले.

३ मे
मजकूर पाठवून दिला. मिळाल्याचा कर्नलसाहेबांचा निरोप आला. दुपारच्या एसटीने निघाले. फाट्याकडे जाताना वळून पाहिलं. अंगण आता कुणी पुसत नाही. खुणा दारापर्यंत गेल्या होत्या, आणि दारापासून वळून रस्त्याकडे—
माझ्या मागे.

५ मे
बुलढाण्याची माझी खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली मालकीणबाई विचारत होत्या, जिन्यात वाळू कुणी सांडली.
पहिल्या मजल्यापर्यंत. एक पाऊल, एक रेघ.
कर्नलसाहेबांना चार फोन केले. पुस्तक छापायला गेलं, आता बदल नाही. फोन ठेवला.

६ मे, दुपारी एक
दुसरा मजला.
झाडू घेऊन बाहेर गेले होते. पुसायला. वाकले, आणि हात चालेना. नानांनी हेच केलं. आयुष्यभर.
झाडू तिथेच टाकून आले.

दोन वाजता
फरफटण्याचा आवाज. थांबतो. पुन्हा.
दाराबाहेर कुणीतरी धापा टाकतंय. अगदी साधा आवाज, आपल्याकडच्या माणसाचा. विचारतोय, बाई, मले घ्याले गाडी निंघाली का?
त्याला अजून वाटतंय—
कर्नलने नाही सांगितलं. नानांनी नाही. मी तर छापून—
निदान एकाने तरी. दाराशी जाऊन सांगते. निवृत्तीभाऊ, गाडी निघालीच नव्हती. तुम्हाला जिवंत सोडून ते