चार महिन्यांच्या तांदळाची खोली

आई, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. गावाबाहेर टेकडीच्या उतारावर एक प्लॉट आहे. तो घेऊन त्यावर घर बांधायचं, की आहोत तसंच भाड्याच्या घरात राहायचं, एवढाच प्रश्न. पण न्यूझीलंडला येऊन मला अठरा वर्षं झाली आणि तेवढी वर्षं मी याच प्रश्नाशी तळ्यात-मळ्यात खेळते आहे. तुला जाऊन पंधरा झाली. या काळात पाच बिऱ्हाडं केली. गाशा गुंडाळायची वेळ आली की माझे हात आपोआप तुझ्यासारखे चालायला लागतात, कपबशा चादरीत, मसाल्याचा डबा मांडीवर, आणि निघताना घर झाडून. तुझा जावई तू पाहिला नाहीस. तो सिरोंच्याचा आहे, रागावला की तेलुगूत बोलतो आणि खुशीत असला की आपल्या बोलीत. त्याचं मत सोपं आहे. “भाड्याचंच बरं हाय. नळ गळला का मालकाले फोन कराचा अन् आपुन चहा पित बसाचं.” असं म्हणतो आणि प्लॉटवर जायला मात्र दर रविवारी माझ्याआधी गाडीत बसतो.

गेल्या आठवड्यात आम्ही घराचा नकाशा काढणाऱ्या बाईंकडे गेलो होतो. मी आधीच मुलीच्या चौकटीच्या वहीत माझा नकाशा काढून नेला होता, कारण तुला माहीत आहे, दुसऱ्यानं सुरुवात केली की मला चैन पडत नाही. दोन झोपायच्या खोल्या, बैठक, स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या मागे दहा बाय आठची एक खोली, बिनखिडकीची. बाईंनी विचारलं, ही कशासाठी? मी म्हटलं, तांदळासाठी. त्यांना वाटलं आमचं काही दुकान असेल. मग मी मोठ्या गंभीरपणे सांगितलं, तांदूळ, डाळ, मीठ, तेल, चार महिन्यांचं भरून ठेवायला. “चार महिन्यांचं कशाला?” पावसाळ्याचं, मी म्हटलं, आणि माझं मलाच ऐकू आलं. इथे पाऊस बाराही महिने पडतो, रस्ता आजवर एक दिवस बंद झालेला नाही, आणि दुकान आमच्या प्लॉटपासून गाडीनं चार मिनिटांवर आहे. शेजारी जावई तोंडावर हात धरून हलत होता. “अवं, इथी कोनत्या नदीले पूर येनार हाय?” मुलीनं मला कधी इतकं लाल झालेलं पाहिलं नव्हतं.

मग बाईंना सगळं सांगावं लागलं. भामरागडच्या बाजूला जंगलातलं गाव, तिथे आई सरकारी नर्स, जूनमध्ये नदी पुलावरून वाहायला लागली की एसटी बंद, म्हणून मे महिन्यातच पावसाळ्याचं सामान भरून घ्यायचं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि अगदी साधेपणानं विचारलं, “मग माणसं तिथे राहतात कशाला?” माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, कारण ते त्यांचं गाव आहे. घरी येईपर्यंत धुसफुसत होते. आणि घरी आल्यावर आठवलं की हाच प्रश्न मी तुला विचारला होता, तोही यापेक्षा वाईट सुरात.

मला ती मे महिन्यातली दुपार अजून नीट दिसते. सरकारी क्वार्टर गळकं होतं म्हणून तू गावातल्या एका माडिया गोंडांच्या घराच्या अंगणात खोली घेतलेली. बाबा मी तीन वर्षांची असतानाच गेले, तेव्हा खोलीत आपण दोघीच. ट्रॅक्टरमधून पोती उतरतात. तू बांबूच्या फळ्या टाकून त्यावर तांदूळ रचतेस, ओल लागू नये म्हणून भिंतीपासून वीतभर लांब. मीठ मडक्यात, काडेपेट्या बिस्किटांच्या डब्यात, रॉकेलचा डबा दाराशी, आणि सगळ्यात वर सलाईनच्या बाटल्यांचं खोकं, त्याला मी हात लावायचा नाही. मग तू कमरेवर हात ठेवून त्या सगळ्याकडे बघतेस आणि म्हणतेस, “आता येऊ दे त्याले किती येते तं.” पावसाबद्दल असं बोलणारी दुसरी बाई मला माहीत नाही. त्या खोलीत पोत्यांना टेकून झोपताना मला जगात कशाचीच भीती वाटत नसे. बाहेर नदी गरजायची आणि आत तांदळाचा नि रॉकेलचा वास. बिनखिडकीची खोली कुठून आली ते आता तुला सांगायला नको.

घरमालकीण म्हातारीला भाडं ही गोष्टच विचित्र वाटायची. तू देऊ केलंस तेव्हा ती हसली आणि गोंडीत काहीतरी बोलली. तू मला समजावलंस, ती म्हणते आहे सकाळचं अंगण तुम्ही झाडा, बस झालं. ते काम तू माझ्याकडे दिलंस. एक दिवस मी कंटाळून म्हटलं, हे काय आपलं घर आहे, मी काऊन झाडू? तू मला कधी मारलं नाहीस, पण त्या दिवशी तुझा आवाज असा चढला की म्हातारी बाहेर आली. “जिथी झोपते, जिथी खाते, ते आंगन तुयंच हाय. धर झाडू. कोपऱ्यातलं बी काढ.” मी रडत रडत कोपरे काढले. तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि तू अन्याय करते आहेस याबद्दल माझी खात्री होती.

पाचवीला तू मला सावली गावी मामा-मामींकडे ठेवलंस. त्या पहिल्या पावसाळ्यात तुझी चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी शाळेतून येताना रोज एसटी स्टँडवर उभी राहायची आणि मामी रोज ओढून घरी न्यायची. दिवाळीत तू आलीस ती आनंदानं फुललेली. पावसाळाभर किती बाळंतपणं केलीस ते बोटांवर मोजून सांगत होतीस. सावलीतला आपला प्लॉट बघायला आपण गेलो, दर वर्षी जायचो तशा. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, मध्ये आपला चौकोन, त्यात वाढलेली बेशरमाची झुडपं. तू पदर खोचून ती उपटायचीस आणि दाखवायचीस, इथी चूल, इथी न्हाणी, इथी तुयी खोली. त्या वर्षी सावलीला बदलीची संधी आली होती आणि तू ती नाकारली होतीस, हे मला मामीकडून कळलं होतं. मी त्या बेशरमाच्या ढिगाशी उभी राहून ओरडले, काऊन राह्यते तू तिथी? तुले घर नकोच हाय! तू हातातली माती झटकलीस. “तिथी तीन बायकाहीचे दिवस भरत आले, त्याहीले सोडून कशी येऊ?” आणि मग हसून म्हणालीस, “घर हाय ना मले. बांधलं नाई अजून, एवढंच.” दर वर्षी कुणाचे ना कुणाचे दिवस भरत आलेलेच असायचे. निवृत्त होऊन सावलीला आलीस तीही भाड्याच्या खोलीत, प्लॉटपासून हाकेच्या अंतरावर. मी मनात ठरवून टाकलं की या बाईला ठरवता येत नाही.

आणि मी काय केलं? दोन वर्षांसाठी म्हणून इथे आले, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी घेतली. तू फोनवर विचारायचीस, कधी येते? मी म्हणायची, पुढच्या वर्षी. तिसऱ्या वर्षी तू गेलीस, आणि मी पोचले तेव्हा तीन दिवस होऊन गेले होते. मामीनं तुझी खोली तशीच ठेवली होती. अंगण झाडलेलं होतं. मी त्या अंगणात बसून जितकं रडले तितकं त्याआधी आणि त्यानंतर कधी रडले नाही. परत आल्यावर लग्न झालं, मुलगी झाली, तरी भाड्याचंच घर. कुणी विचारलं तर सांगायची, आम्ही काय, परत जाणारी माणसं. जावई ऐकून घ्यायचा. मुलगी मात्र एकदा म्हणाली, “परत म्हणजे कुठे? मी तर इथलीच आहे.”

गेल्या डिसेंबरात आम्ही सगळे सावलीला जाऊन आलो. प्लॉटवर शेजारच्या काकूंनी धान वाळत घातलं होतं. मला बघून त्या उठल्या, ओशाळल्या. “काऊन वं बाई, बांधत नाई का इथी?” इतकी वर्षं या प्रश्नाला माझ्याकडे एक लांबलचक उत्तर तयार असायचं, मुलीची शाळा, जावयाची नोकरी, बघू. त्या दिवशी तोंडून नुसतं “नाई” निघालं. काकू म्हणाल्या, “मंग आमी धान वाळवत जातो.” वाळवा, मी म्हटलं. परतताना मी वाट बघत होते की आता काळजात कळ येईल. आली नाही. उन्हात धान छान दिसत होतं, मुलगी त्यात पाय घालून फिरत होती, आणि काकू तिला रागवायच्या ऐवजी हसत होत्या. माझ्याशिवाय तो प्लॉट काही उपाशी राहिलेला नव्हता.

तेव्हापासून मी तुझ्याबद्दलचं माझं जुनं मत मोडीत काढलं आहे. तुला ठरवता येत नव्हतं असं नाही. तू फार आधीच ठरवलं होतंस, आणि त्या म्हातारीच्या अंगणात माझ्या डोळ्यांदेखत सुखानं राहत होतीस. मीच बांधकामाची वाट बघत बसले होते.

तर नकाशा असा ठरला. बाईंनी मागच्या खोलीला एक खिडकी काढली, मी ती काढू दिली, आता तिथे मुलीचं टेबल येणार आहे. घर सगळं लाकडाचं, इथे तशीच बांधतात. सागवानाच्या मुलखात जन्मलेल्या मला पाइनचं लाकूड नशिबी आलं म्हणून जावई चिडवतो. खिडकीतून उतार दिसतो, मेंढ्या दिसतात, वारा फार आहे. काल मी एकटी तिथे जाऊन उभी राहिले, मोजमाप न करता, आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मी होकार कळवून टाकला, शुक्रवारची वाट न बघता.

हे सगळं तुला विचारण्यासाठी लिहायला घेतलं होतं, पण विचारण्यासारखं काही उरलेलं नाही. पाकिटावर काय लिहायचं हा प्रश्न नाहीच, हे मी कुणालाही दाखवणार नाही. दाखवणार नाही याचं कारण एवढंच आहे की तू असतीस तर मी हे घर बांधलं नसतं. मी दर वर्षी पुढच्या वर्षी येते म्हणत राहिले असते, तू वाट बघत राहिली असतीस, आणि आपण दोघी त्यालाच माया म्हटलं असतं. तू नाहीस म्हणून मला इथे राहता येतं आहे, आई, आणि मी इथे सुखात आहे.